आक्रमक संघ कसा बांधावा?
(पोकेमॉनच्या खेळातील माझा अनुभव)



या अंकासाठी सरांनी ‘मला येणारी एक गोष्ट समजावून सांगा’ असा विषय दिला. कोणी गांडूळ खतावर लिहिले आहे, कोणी भाकरी थापण्यावर. मी मोबाईलवरील खेळावर लिहिणार म्हटल्यावर वर्गात हशा पिकला. पालकांनीही शीर्षक वाचून रागावू नये. मला मोबाईल मिळतो तो दिवसातून अर्धा तास, तोही बाबांचा, आणि रात्रीची भांडी झाल्यावर. बाकीचा सगळा खेळ मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर खेळले. त्या पानांत काय आहे तेच येथे सांगते.

पोकेमॉन म्हणजे ‘पॉकेट मॉन्स्टर’, खिशात मावणारे राक्षस. हा खेळ जपानात १९९६ साली निघाला. तो काढणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. आपण पावसाळ्यात काडेपेटीत सोनकिडे ठेवतो, तसाच. त्या नादातूनच राक्षस पकडण्याच्या खेळाची कल्पना आली. आज या खेळात हजाराच्या वर वेगवेगळे राक्षस आहेत. २००९ पासून त्याच्या जागतिक स्पर्धाही होतात. तेथे दोघांविरुद्ध दोघे असे लढतात. आम्ही मात्र एकास एक लढतो, कुस्तीसारखे. मूळ खेळाला महागडे यंत्र लागते. ते आमच्याकडे नाही. माझा चुलतभाऊ, पुण्याचा दादा, याने मला ‘शोडाऊन’ नावाचा एक फुकट आखाडा मोबाईलवर दाखवला. खेळाच्या चाहत्यांनीच तो बनवलेला आहे. आमचे सगळे सामने त्यावरच होतात.

नियम असा. प्रत्येकाने सहा पोकेमॉनचा संघ करायचा. मैदानात एका वेळी एकच. प्रत्येकाला चारच डाव येतात. दर पाळीला दोघांनी एकमेकांना न दाखवता हुकूम द्यायचा, एक तर डाव टाक, नाही तर आत ये आणि दुसऱ्याला पाठव. बदली आधी होते, डाव नंतर. दोघांनीही डाव टाकले, तर ज्याचा वेग जास्त त्याचा डाव आधी लागतो. ज्याचे सहाही बेशुद्ध पडले तो हरला. (मरत कोणी नाही. माझ्या लहान भावाने हे चार वेळा विचारून खात्री करून घेतली आहे.)

आता मुख्य गोष्ट, प्रकार. अग्नी, जल, वनस्पती, वीज, भूमी, बर्फ, पोलाद असे एकूण अठरा प्रकार आहेत. पाणी आगीला दुप्पट लागते. आग वनस्पतीला दुप्पट लागते. वीज जमिनीला लागतच नाही, शून्य. आणि एका पोकेमॉनला दोन प्रकार असू शकतात. मग गुणाकार करायचा. दोन्ही प्रकारांना दुप्पट लागणारा डाव चौपट लागतो. एकाला दुप्पट आणि दुसऱ्याला निम्मा लागणारा डाव होतो साधा. शिवाय पोकेमॉनने स्वतःच्याच प्रकारचा डाव टाकला, तर त्याची ताकद दीडपट धरतात. अठरा गुणिले अठरा म्हणजे ३२४ घरांचा तक्ता मी मे महिन्यात दादाकडून उतरवून घेतला. तो शेजारच्या कार्डशीटवर लावला आहे. हात लावू नये, पेन्सिल पुसली जाते.

मे महिन्याच्या सुट्टीत मी दादाशी सात वेळा खेळले आणि सातही वेळा हरले. माझा पहिला संघ कसा होता पहा. ज्याचे आकडे मोठे तो मी उचलला. गार्चोम्प, सॅलमेन्स, ड्रॅगनाइट हे तीन मोठाले ड्रॅगन, आणि बाकीचे तिघेही तसेच दांडगे. मला वाटले, आक्रमक संघ म्हणजे सहा आडदांड. दादाने वीव्हाइल नावाचे एक किडकिडीत, मांजराएवढे जनावर काढले. ते बर्फाचा डाव टाकते. माझ्या तिन्ही ड्रॅगनना बर्फ चौपट लागतो आणि तिघांहून त्याचा वेग जास्त. एका मागून एक तिघे आडवे झाले. दादा म्हणाला, “आक्रमण हे लहान पोरांचं काम. भिंत बांधून बसणारा जिंकतो.”

हे मला फार लागले. दादाला नोकरी लागली आहे आणि तो हैदराबादला जाणार होता. गणपतीत घरी येणार आणि मग थेट दिवाळीला. म्हणजे गणपतीत एक सामना मिळणार होता. त्यासाठी जून ते ऑगस्ट माझ्याकडे वही होती.

वहीत मी पुन्हा सहा दांडग्यांचीच यादी केली, फक्त यावेळी त्यांचे प्रकार वेगवेगळे ठेवले. बाबा हिवाळ्यात गुऱ्हाळावर गुळव्या असतात. पावसाळ्यात ते घरी असतात. एका संध्याकाळी त्यांनी वही उचलली आणि विचारले, “ह्यो काय करतो?” मी म्हटले, मारतो. “आनि ह्यो?” तोही मारतो. सहाही जणांचे विचारून झाल्यावर ते म्हणाले, “सगळेच गुळवे व्हय? मग जाळ कोन घालनार?”

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. काहिलीतून गूळ कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो आणि नाव त्याचे होते. पण त्याच्या आधी कोणी तरी ऊस घाण्यात घातलेला असतो, कोणी चुलवाणात चिपाडे सारलेली असतात, कोणी भेंडीचे पाणी टाकून वरची मळी काढलेली असते. मळी राहिली तर गुळव्या कितीही पटाईत असो, गूळ काळाच होणार. त्या रात्री मी यादी खोडली. नव्या पानावर आधी ‘शेवटचा घाव कोणाचा’ एवढेच लिहिले, आणि त्याच्यापुढे, ‘त्याची वाट कोण अडवते?’

शेवटचा घाव मी ग्याराडोसला दिला. हा जल आणि उड्डाण या दोन प्रकारांचा मोठा सर्प आहे. तो पूर्वी मॅजिकार्प नावाचा अगदी निरुपयोगी मासा असतो, नुसता तडफडतो. विसाव्या पायरीला त्याचा ग्याराडोस होतो. चीन-जपानकडे अशी कथा आहे की धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो. त्यावरून हा घेतला असावा. याला ‘ड्रॅगनचा नाच’ येतो. एक पाळी नुसते नाचायचे, मारायचे नाही. पण नाचल्यावर त्याची ताकद आणि वेग दोन्ही दीडपट होतात. शंभराव्या पायरीला, वेगाचा पूर्ण सराव दिला तर, माझ्या ग्याराडोसचा वेग २६१. दीडपट केल्यावर ३९१. आणि त्या वीव्हाइलचा वेग जास्तीत जास्त ३८३! हा हिशोब मी तीन वेळा करून पाहिला. आठ गुणांनी का होईना, पण पुढे. म्हणजे मला हवी होती एक मोकळी पाळी, फक्त एक.

ग्याराडोसचे दुखरे ठिकाण म्हणजे वीज. जलाला दुप्पट, उड्डाणाला दुप्पट, म्हणजे चौपट. समोरच्याने विजेचा हुकूम दिला आहे असे वाटले, तर त्याच पाळीला त्याला आत बोलावून असा कोणी पाठवायचा की ज्याला वीज लागतच नाही. तो म्हणजे गार्चोम्प, ड्रॅगन आणि भूमी. वीज शून्य. गार्चोम्पचे दुखरे ठिकाण बर्फ, चौपट. बर्फाच्या समोर पाठवायचा सायझर. हा कीटक आणि पोलाद या प्रकारांचा लाल रंगाचा, नांग्या असलेला किडा आहे. त्याला बर्फ निम्मा लागतो. सायझरला एकाच गोष्टीची भीती, आग. ती त्याला चौपट. आणि आग ग्याराडोसलाही निम्मी लागते, गार्चोम्पलाही निम्मी.

हे जमल्यावर मी वही घेऊन अंगणात नाचले, आईने पाहिले. तिघांनाही एकेक चौपट जखम आहे, पण एकाच्या जखमेवर मारलेला घाव दुसऱ्याच्या अंगावर घेता येतो. मे महिन्यातल्या तीन ड्रॅगनांची जखम एकच होती. तेथेच मी चुकले होते. आक्रमक संघात बचाव नसतो असे जे म्हणतात ते खरे नाही. बचाव असतो, पण तो थांबून केलेला नसतो. समोरच्याचा डाव फुकट गेला की ती पाळी आपली. घाव टाकायचा की नाचायचा हे आपण ठरवायचे. आक्रमणाला लागणारी मोकळी पाळी अशीच मिळते, कोणी देत नाही.

उरले तीन. पहिला जाणारा एरोडॅक्टिल. हा जुन्या काळचा दगडी पक्षी. त्याचा मूळ वेग १३०, वीव्हाइलचा १२५. त्याचे काम मैदानात जायचे आणि समोरच्याच्या बाजूला टोकदार दगड पसरून ठेवायचे. मग समोरचा प्रत्येक पोकेमॉन आत येताना त्याला दगड टोचतात. साध्याला एक अष्टमांश दम जातो, दगडाला कच्चा असेल त्याचा पाव, फारच कच्चा असेल त्याचा निम्मा! भिंत बांधून खेळणारा सारखी बदली करतो, म्हणून त्याला हे फार महाग पडते. एरोडॅक्टिलच्या कमरेला मी एक शेला बांधला. पूर्ण दम असताना कितीही मोठा घाव बसला तरी त्या शेल्यामुळे एक गुण दम उरतो. म्हणजे दगड पसरल्याशिवाय तो पडतच नाही. नंतर मात्र पडतो. माझा भाऊ दुसरीत आहे. तो मोबाईलवर माझ्या शेजारी बसतो आणि त्याला एरोडॅक्टिलच सर्वांत जास्त आवडतो. “आक्का, त्यालाच का दरवेळी पयला पाठवतीस?” असे त्याने विचारले. त्याचे काम तेच आहे, असे मी सांगितले. त्याला ते पटले नाही. खरे म्हणजे मलाही अजून थोडे वाईट वाटते.

दुसरा मॅग्नेझोन. हा दादाच्या भिंतीसाठी खास. दादाच्या भिंतीला दोन दगड आहेत, स्कार्मरी आणि ब्लिसी. ब्लिसी गुलाबी, गुबगुबीत. तिचा मूळ दम २५५, म्हणजे खेळातील सर्वांत जास्त. दुरून मारलेले डाव ती झेलते, पण अंगाला भिडून मारले तर तिचा बचाव अवघा १०. स्कार्मरी हा पोलादी पक्षी. अंगाला भिडून मारणाऱ्यांना तो दमवतो. भूकंपाचा डाव त्याला शून्य, कारण तो उडतो. शिवाय ‘वावटळ’ टाकून तो नाचून तयार झालेल्याला आत ढकलून देतो. म्हणजे ग्याराडोसचे नाचणे वायाच गेले. गुऱ्हाळाच्या भाषेत मळी ती हीच. मॅग्नेझोन हा विजेचा आणि पोलादाचा, अंगात चुंबक असलेला. समोर पोलादी पोकेमॉन असला की त्याला आत जाताच येत नाही, चिकटून राहतो. आणि वीज स्कार्मरीला दुप्पट.

सहावा गेंगार, भुताचा आणि विषाचा, दुरून मारणारा. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. माझे बाकीचे बहुतेक भिडून मारणारे, म्हणून एक दुरून मारणारा हवा होता.

एवढे करूनही एक अडचण राहिली. ती मला सामन्याच्या आदल्या रात्री दिसली. स्कार्मरीच्या अंगात ‘चिवटपणा’ आहे. दम पूर्ण असेल तर कोणत्याही एका घावात तो पडत नाही, एक गुण उरतोच. आणि दादा त्याला ‘उरलेसुरले अन्न’ बांधून देतो. त्याने दर पाळीच्या शेवटी एक षोडशांश दम भरून येतो. मी मांडले: स्कार्मरी आत आला की दगडाने एक अष्टमांश जाणार. त्या पाळीला एक षोडशांश परत. पुढच्या पाळीला मी मॅग्नेझोन पाठवणार, तेव्हा आणखी एक षोडशांश परत. दोन षोडशांश म्हणजे एक अष्टमांश. म्हणजे दम पुन्हा पूर्ण! चिवटपणा परत आला. मग माझी वीज लागल्यावरही तो एका गुणावर उभा राहणार आणि वावटळ टाकणार. दिवा मालवायची वेळ झाली होती. मी अपूर्णांक सोडून खरे आकडे घालून पाहिले. दादाच्या स्कार्मरीचा दम ३३४. त्याला ८ ने भागले तर ४१ आणि बाकी ६. खेळात बाकी सोडून देतात. म्हणून जाणार ४१. १६ ने भागले तर २० आणि बाकी १४, तीही सोडून. येणार २०. दोन वेळा, ४०. गेले ४१, आले ४०.

एक गुण कमी!

गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सामना झाला. पडवीत बाबा, आई, भाऊ आणि शेजारची दोन मुले. दादाकडे स्वतःचा मोबाईल, माझ्याकडे बाबांचा. एरोडॅक्टिलने दगड पसरले आणि पुढच्याच पाळीला पडला. भाऊ उठून आत गेला. मी गेंगार पाठवला. दादाने ब्लिसी आणली, कारण भुताचे डाव तिला लागत नाहीत. मी गेंगारला आत घेऊन गार्चोम्प काढला आणि भूकंपाचा हुकूम दिला. दादाने ओळखले. स्कार्मरी आला, भूकंप शून्य. दगडाने ४१ गेले, २० आले. आता मी मॅग्नेझोन पाठवला. त्याच पाळीत दादाने माझ्या बाजूला सराटे पसरले. आणखी २० आले. दादाला दमाची पट्टी भरलेली दिसली. मॅग्नेझोनसमोरून पळता येत नाही हे त्याला ठाऊक होते, पण चिवटपणावर त्याचा भरवसा होता. त्याने वावटळीचा हुकूम दिला. वावटळ नेहमी सगळ्यांत शेवटी लागते, वीज आधी लागली. ३३३ वर होता तो, ३३४ वर नव्हे. पडला.

“असं कसं?” म्हणून दादाने मोबाईल जवळ धरून पाहिला.

पुढचे सगळे तंतोतंत ठरल्याप्रमाणे झाले असे नाही. मॅग्नेझोनला त्याने आगीने पाडले. ब्लिसीला गार्चोम्पने एका घावात घेतले. गेंगारने एकाला लोळवले आणि मग तोही पडला. मग दादाने गार्चोम्पसमोर वीव्हाइल काढले. मे महिन्यातले तेच. आत येतानाच दगडाने त्याचा पाव दम घेतला. दादा बर्फ टाकणार हे शेजारच्या पोरालाही कळत होते. मी गार्चोम्पला आत घेऊन सायझर पाठवला. बर्फ निम्मा लागला. सायझर संथ आहे, पण त्याचा ‘बुलेट पंच’ हा डाव वेग न बघता आधी लागतो. डावाची ताकद ४०. सायझरच्या अंगी छोटे डाव दीडपट करण्याचा गुण आहे, म्हणून ६०. स्वतःचाच पोलादाचा प्रकार, आणखी दीडपट, म्हणून ९०. बर्फाला पोलाद दुप्पट, म्हणून १८०. वीव्हाइल एका ठोशात गेले. त्या वेळी आईनेही टाळी वाजवली, तिला प्रकार काही कळत नसताना.

उरलेल्या दोघांपैकी एक भूमीचा होता. भूमीचे डाव ग्याराडोसला लागत नाहीत, तो उडता आहे. दादाचे सराटेही जमिनीवरच राहिले. ग्याराडोस त्याच्यासमोर एक पाळी नाचला. मग धबधबा, आणि पुन्हा धबधबा. दादाचे सहा पडले, माझे तीन.

जेवताना दादा फारसा बोलला नाही. हात धुताना मात्र म्हणाला, “वही दाखव.” आणि तो एक गुणाचा हिशोब त्याने दोनदा वाचला.

हैदराबादहून त्याने बाबांच्या मोबाईलवर निरोप पाठवला आहे. त्याने आता स्कार्मरीला ‘कात’ दिली आहे. ती वस्तू जवळ असली की चुंबकातूनही सुटून आत जाता येते. म्हणजे मॅग्नेझोनचा सापळा गेला. पण एका पोकेमॉनला एकच वस्तू बाळगता येते. कात घेतली तर ते उरलेसुरले अन्न सोडावे लागणार. मग दगडांनी गेलेले ४१ आपोआप परत येणार नाहीत. भरून काढायचे तर त्याला एक पाळी खर्चून विसावा घ्यावा लागेल, आणि त्या पाळीला तो वावटळ टाकू शकणार नाही. वहीत मॅग्नेझोनच्या नावापुढे मी सध्या प्रश्नचिन्ह केले आहे. दादा दिवाळीला येणार आहे.